दोन किंकाळ्या

भयपट पाहण्याचे माझे वय आता उरलेले नाही; खरे सांगायचे तर ते कधी आलेच नव्हते. तरुणपणी मित्रांच्या आग्रहाखातर असे दोन-तीन चित्रपट पाहिले होते. त्यांत दाराची करकर, विजांचा कडकडाट आणि नायिकेचे किंचाळणे यांपलीकडे फारसे काही हाती लागले नाही. त्यामुळे २०१८ साली मुलाने मला ‘अ क्वाएट प्लेस’ या अमेरिकन चित्रपटाला नेले, तेव्हा मध्यंतरात उठून घरी यायचे, असे मनाशी ठरवूनच मी गेलो होतो. मध्यंतर झाले आणि मी उठलो नाही. उठताना खुर्ची वाजेल, असे क्षणभर वाटले! आज हे लिहिताना हसू येते, पण तसे वाटले खरे. सभागृहातील माणसे पॉपकॉर्नच्या पिशव्या मांडीवर धरून तशीच बसली होती. शेजारच्या गृहस्थांनी तोंडात टाकलेला घास चावला नाही. तो त्यांनी जिभेवर विरघळू दिला.

यंदा तोच चित्रपट तेरा वर्षांच्या नातवासोबत घरी दूरदर्शनसंचावर पुन्हा पाहिला. पाहताना त्याने बरेच प्रश्न विचारले. त्यांतल्या एका प्रश्नाला मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हे लेखन.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. कुठून तरी आलेल्या हिंस्र प्राण्यांनी पृथ्वीवरील बहुतेक माणसे मारून टाकली आहेत. हे प्राणी आंधळे आहेत. त्यांच्या अंगावरचे कवच बंदुकीच्या गोळीलाही दाद देत नाही, आणि त्यांचे कान इतके तीक्ष्ण आहेत की, कुठे काही वाजले की ते क्षणार्धात तिथे पोहोचतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील एका शेतघरात ॲबट नावाचे कुटुंब तग धरून आहे. पिता ली, माता एव्हलिन, थोरली मुलगी रेगन, मुलगा मार्कस आणि चार वर्षांचा बो. चित्रपट सुरू होतो तो या अरिष्टाच्या एकोणनव्वदाव्या दिवशी. ओसाड दुकानातून औषधे घेऊन परतताना बोला एक खेळण्यातले अंतराळयान हवे असते. पिता त्यातील बॅटऱ्या काढून ते बाजूला ठेवतो. रेगन भावाची समजूत म्हणून ते गुपचूप त्याच्या हाती देते, आणि तो पोर जाता जाता बॅटऱ्याही उचलतो. पुढे पुलावर ते यान वाजू लागते. पिता धावतो, पण पोहोचत नाही.

दिग्दर्शक जॉन क्रॅसिन्स्की याने पित्याची भूमिका स्वतःच केली आहे, आणि मातेची भूमिका करणारी एमिली ब्लंट ही प्रत्यक्षातही त्याची पत्नी आहे. मूळ कथा ब्रायन वुड्स आणि स्कॉट बेक या दोघांची. चित्रीकरण न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात झाले. रेगनची भूमिका मिलिसेंट सिमन्ड्स या मुलीने केली आहे. ती स्वतः कर्णबधिर आहे. ज्या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत, त्याला २०१९ च्या ऑस्कर पुरस्कारांत ध्वनिसंकलनासाठी नामांकन मिळाले, ही गंमतीची गोष्ट वाटेल. परंतु शांतता ऐकू यावी यासाठीही कान लागतात. कॅमेरा रेगनच्या बाजूने पाहू लागला की, पडद्यावरचे उरलेसुरले आवाजही नाहीसे होतात. त्या शांततेत प्राणी तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला तरी तिला कळत नाही, आणि आपल्याला मात्र दिसत असते.

या कुटुंबाचे घर पाहण्यासारखे आहे. वाटांवर वाळू पसरलेली आहे, आणि सगळे अनवाणी चालतात. लाकडी जमिनीवर जिथे पाय दिला तर फळी करकरत नाही, तिथे रंगाच्या खुणा केल्या आहेत. ताटल्या नाहीत, जेवण पानांवर. मुले सोंगट्यांचा खेळ खेळतात, पण सोंगट्या मऊ लोकरीच्या. रेगनमुळे सगळ्यांना हातांची भाषा अवगत आहे. ज्या व्यंगाचे त्या आईबापांना एकेकाळी दुःख झाले असेल, त्याच व्यंगाने त्या घराला आधीच एक भाषा शिकवून ठेवली होती.

आणि जेवणापूर्वी ते पाचांतले उरलेले चौघे हात हाती घेऊन, डोळे मिटून प्रार्थना करतात. एकही शब्द ऐकू येत नाही. त्यांनी काय मागितले, कशाबद्दल आभार मानले, हे आपल्याला कळत नाही. आमच्या घरची जेवणापूर्वीची प्रार्थना इतक्या वेगाने होते की, ‘आमेन’ आणि पहिला घास यांत बोटभरही अंतर राहत नाही, हे मला त्या वेळी आठवले. असो.

आवाजावर शिकार करणारे प्राणी केवळ कल्पनेतले नाहीत. आपल्याकडे जुन्या घरांच्या माळ्यावर, गोठ्यात राहणारे गव्हाणी घुबड हे त्यांतलेच. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत पालापाचोळा पसरून त्यात उंदीर सोडले. घुबडाने ते नेमके पकडले. मग त्याने दोऱ्याला बांधलेला कागदाचा बोळा पाचोळ्यातून ओढला, तर घुबडाने त्या बोळ्यावरही झडप घातली. या घुबडाचा एक कान दुसऱ्याहून किंचित वर असतो, त्यामुळे आवाज डाव्या-उजव्या बाजूचा की वरचा-खालचा, हेही त्याला कळते; आणि त्याचे स्वतःचे पंख मात्र वाजत नाहीत. चित्रपटातील प्राणी फार आवाज करतात, हा मला त्यांचा दोष वाटला. घुबडाकडून ते काही शिकलेले दिसत नाहीत. माझ्या नातवाचाही एक आक्षेप होता: धबधब्याजवळ आवाज झाकला जातो, तर ही माणसे तिथेच का राहत नाहीत? चित्रपट पाहणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पडतो. मी म्हणालो की, धबधब्यापाशी मक्याचे पीक येत नाही. त्याचे समाधान झाले नाही, आणि माझेही.

आता मूळ विषयाकडे येतो. बोच्या मृत्यूनंतर वर्षभराहून अधिक काळ लोटला आहे, आणि एव्हलिनचे दिवस भरत आले आहेत. तान्हे मूल रडणारच. त्याला खूण करून गप्प करता येत नाही. तळघरात त्या आईबापांनी एक लाकडी पेटी तयार ठेवली आहे. तिला झाकण आहे, आत अंथरूण आहे आणि बाळाच्या तोंडाला लावायला प्राणवायूचा मुखवटा आहे. पहिल्यांदा ही पेटी दिसली तेव्हा मला तिच्यात शवपेटी दिसली. बहुधा दिग्दर्शकालाही तेच हवे असावे.

नीतिशास्त्राच्या वर्गांत एक प्रश्न फार दिवसांपासून विचारला जातो. शत्रूचे सैनिक गावात शिरले आहेत. दिसेल त्याला ठार मारण्याचा त्यांना हुकूम आहे. तुम्ही काही गावकऱ्यांसह तळघरात लपला आहात. तुमच्या कडेवरचे तान्हे मूल रडू लागते. त्याचे तोंड दाबून धरले तर ते गुदमरून मरेल. हात काढला तर मुलासह सगळे मरतील. काय करावे? अमेरिकेतील जोशुआ ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनात हाच प्रश्न लोकांना विचारून, ते विचार करीत असताना त्यांच्या मेंदूत काय घडते याची यंत्राद्वारे पाहणी केली होती. उत्तराला वेळ लागत होता आणि एकमत होत नव्हते.

निरपराध जिवाचा जाणूनबुजून थेट वध कोणत्याही हेतूने करता येत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली ‘इव्हांजेलियम व्हिते’ या परिपत्रकात ती पुन्हा निःसंदिग्ध शब्दांत मांडली. मी ती मानतो. परंतु तळघरातल्या त्या आईला हे वाक्य आरामखुर्चीत बसून ऐकवण्याचे धैर्य माझ्यात नाही.

पेटी पाहिल्यावर मला या प्रश्नाविषयी एक गोष्ट नव्याने दिसली. वर्गात हा प्रश्न नेहमी शेवटच्या मिनिटाला सुरू होतो. मूल रडते आहे, सैनिक दारात आहेत, हात तोंडाजवळ आहे. त्याआधीचे दिवस, महिने प्रश्नकर्त्याने कापून टाकलेले असतात. कोणी विचारीत नाही की, या गावाला सैनिक येणार हे ठाऊक होते काय, तळघराच्या भिंती जाड करता आल्या असत्या काय, बाळंतिणीला आधीच दूरच्या गावी पोहोचवता आले असते काय. एव्हलिन आणि ली यांना मात्र ते महिने मिळाले होते, आणि त्यांनी ते पेटी बांधण्यात घालवले. मूल मारायचे की सगळ्यांनी मरायचे, या दोन दारांपुढे उभे राहण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी तिसरे दार सुतारकाम करून तयार केले. चांगला मनुष्य कोण, या प्रश्नाचे उत्तर आपण संकटाच्या घटकेत शोधतो. पण त्या घटकेला माणसाच्या हाती जे असते, ते पुष्कळदा आदल्या वर्षाच्या कामातून आलेले असते.

ही केवळ चित्रपटातली युक्ती नाही. १९४२ साली वॉर्सा येथील ज्यू वस्तीतून सहा महिन्यांची एक मुलगी लाकडी पेटीत घालून, विटांच्या गाडीतून बाहेर काढण्यात आली होती. श्वास घेता यावा म्हणून पेटीला भोके पाडली होती, आणि रडू नये म्हणून मुलीला झोपेचे औषध दिले होते. सोबत नाव आणि जन्मतारीख कोरलेला चांदीचा एक चमचा होता. हे काम करणाऱ्यांत इरेना सेंडलर या समाजसेविका आणि त्यांचे सहकारी होते. अशा मुलांची खरी नावे चिठ्ठ्यांवर लिहून, त्या बरण्यांत घालून सफरचंदाच्या झाडाखाली पुरलेल्या होत्या. पुढे कधीतरी ही मुले आपल्या माणसांना परत मिळावीत, ही त्यामागची आशा. बहुतेकांची माणसे परतली नाहीत. सेंडलर यांना १९४३ साली गेस्टापोने पकडले, छळले. त्या सुटल्या आणि २००८ पर्यंत जगल्या.

तरीही पेटीवर फार भिस्त ठेवू नये. चित्रपटातच तळघरात पाणी शिरते, आणि पेटी असूनही आईला बाळ छातीशी धरून पाण्यात उभे राहावे लागते. शिवाय ज्यांना पेटी बांधायला एक दिवसही मिळाला नाही, त्या आयांकडे बोट दाखवून ‘तुम्ही तयारी का केली नाही’ असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. युद्धाच्या काळात लपलेल्या अशा आया होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींनी त्या रात्रीविषयी आयुष्यभर कुणाशीही बोलणे टाळले असेल. माझे म्हणणे ज्यांना वेळ मिळतो त्यांच्यापुरतेच आहे. आणि आपणा बहुतेकांना तो मिळतो.

नातवाचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: अशा जगात मूल हवेच कशाला? अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा यावर पुष्कळ लिहिले गेले. काहींना तो गर्भातील जीवाच्या बाजूने दिलेला कौल वाटला, काहींना शुद्ध बेजबाबदारपणा. चित्रपट याविषयी काहीच सांगत नाही. मूल ठरवून हवे होते की नकळत राहिले, हेही नाही. मला वाटते की, हा प्रश्न विचारणारे मूल कुठून येते हे विसरतात. एक मूल गमावलेल्या आईबापांचे घर ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना पुढच्या मुलाचे येणे हे हिशेब मांडून केलेले काम वाटत नाही. पण हेही कबूल करतो की, मार्कसला कुणी विचारले नव्हते. त्या बाळाच्या रडण्याने ज्याचा जीव जाऊ शकतो, असा तोही एक होता, आणि तो भेदरट मुलगा सबंध चित्रपटभर भेदरलेलाच राहतो. येथे मी आईबापांच्या बाजूने आहे, परंतु पूर्ण निर्धास्तपणे नाही.

आता त्या प्रश्नाकडे, ज्याने मला गप्प केले.

ली मार्कसला नदीवर मासे पकडायला नेतो. तिथे धबधब्याच्या आड आवाज झाकला जातो. बाप मोठ्याने ओरडतो आणि घाबरलेल्या पोरालाही ओरडायला लावतो. किती दिवसांनी त्या मुलाने स्वतःचा आवाज ऐकला असेल! परत येताना रानात त्यांना एक म्हातारा दिसतो. त्याच्या पायाशी त्याच्या पत्नीचे प्रेत आहे. ली ओठांवर बोट ठेवून, डोळ्यांनी त्याला विनवतो. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू आक्रसत जातो, आणि तो किंकाळी फोडतो. ली मुलाला उचलून धावतो; मागे जे व्हायचे ते होते.

चित्रपटाच्या अखेरीस प्राणी मुलांच्या अंगावर धावून जातो. दोन्ही मुले एका जुन्या पिकअप ट्रकमध्ये अडकली आहेत. जखमी ली दुरून रेगनकडे पाहतो, आपले तिच्यावर प्रेम आहे आणि ते कायम होते, असे हातांनी सांगतो, आणि मग जिवाच्या आकांताने ओरडतो. प्राणी मुलांना सोडून त्याच्याकडे वळतो.

“आजोबा,” नातू म्हणाला, “दोघे ओरडले, दोघे मेले. मग पहिल्या वेळी तुम्ही ‘अरे वेड्या’ म्हणालात आणि दुसऱ्या वेळी रडलात, ते का?”

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात आत्महत्येविरुद्ध तीन कारणे दिली आहेत: प्रत्येक जीव स्वभावतःच स्वतःवर प्रेम करतो, मनुष्य हा समाजाचा घटक आहे, आणि जीवन हे देवाचे दान आहे. त्याच प्रकरणात पुढे, स्वतःचा बचाव करताना हल्लेखोर मेला तर काय, याचा विचार करताना ते म्हणतात की, एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक मनात योजलेला, दुसरा योजनेबाहेरचा. पुढच्या नीतिशास्त्रज्ञांनी या विचाराचा पुष्कळ विस्तार केला. नातवाला मी हे सगळे सांगितले नाही. त्याला मी दुसऱ्या दिवशी एक साधा प्रश्न विचारला: समज, ली ओरडला आणि तरीही वाचला, तर त्याला कसे वाटले असते? तो म्हणाला, “आनंद झाला असता.” आणि म्हातारा ओरडूनही वाचला असता तर? त्याने थोडा विचार केला. “तो पुन्हा ओरडला असता.”

मला वाटते, यापेक्षा नेमके उत्तर मला देता आले नसते. एकाला मुले वाचायला हवी होती आणि मरण वाटेत आले. दुसऱ्याला मरणच हवे होते. शिवाय म्हाताऱ्याच्या किंकाळीने समोर उभ्या असलेल्या बापलेकांचाही जीव धोक्यात आला. लीच्या ओरडण्याने धोका दुसऱ्यांवरून निघून त्याच्याकडे आला. ध्वनी एकच, पण एकाने तो दुसऱ्यांवर टाकला आणि दुसऱ्याने तो दुसऱ्यांवरून ओढून घेतला.

येथे आपल्या वाचकांना संत मॅक्सिमिलियन कोल्बे आठवतील. १९४१ साली आउश्वित्झच्या छावणीतून एक कैदी पळाला, आणि शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांतला फ्रान्सिशेक गायोव्निचेक आपल्या बायकामुलांसाठी आक्रोश करू लागला. कोल्बे रांगेतून पुढे आले. १९८२ साली त्यांना संतपद बहाल झाले तेव्हा गायोव्निचेक तिथे उपस्थित होते. ही कथा सांगताना आपण कोल्बे यांचे पुढे येणे सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी एक आक्रोश होता, आणि तो कुणाच्या तरी कानी पडला होता, हेही लक्षात घ्यावे.

कारण त्या म्हाताऱ्याविषयी माझे मन अजून स्वस्थ नाही. ‘अरे वेड्या’ असे मी म्हणालो ते चुकले. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात आत्महत्या निषिद्ध असल्याचे सांगतानाच, दारुण दुःखाने वा भीतीने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असेही म्हटले आहे. आमच्या लहानपणी ही दुसरी बाजू फारशी ऐकू येत नसे. चित्रपटात एक प्रसंग आहे: संध्याकाळी ली धान्याच्या उंच कोठारावर चढून जाळ पेटवतो, आणि दूर डोंगरांच्या कडेने एकेक जाळ उत्तरादाखल पेटू लागतो. एवढीच काय ती त्या मुलखातली शेजारांची भेट. त्या म्हाताऱ्याची बायको गेली, त्या संध्याकाळी त्याने जाळ पेटवला असेल काय? आणि एक जाळ कमी आहे, हे कुणाच्या लक्षात आले असेल काय?

येथे लेख संपवता आला असता. परंतु या चित्रपटाने मला जे सांगितले, त्यातला सर्वांत जवळचा भाग अजून राहिला आहे, आणि तो मी गेली अनेक वर्षे टाळत आलो आहे.

धबधब्यापाशी मार्कस बापाला सांगतो की, बोच्या मरणाला आपणच कारणीभूत आहोत असे रेगनला वाटते, आणि तुमचाही तिच्यावर राग आहे असे ती मानते. बाप चकित होतो. त्याच्या मनात तसे काहीच नव्हते. तळघरात तर तो वर्षभर तिच्यासाठी श्रवणयंत्रे बनवीत होता. एक फसले की दुसरे. ती खोली त्याने तिला बंद ठेवली होती, म्हणून तिला ते कधी दिसले नाही. तिकडे आईही स्वतःलाच दोष देत असते. त्या दिवशी आपले हात मोकळे होते, बोला आपणच कडेवर घ्यायला हवे होते, असे ती म्हणते. म्हणजे त्या घरात प्रत्येक जण स्वतःला अपराधी समजत होता. सर्वांना हातांची भाषा येत होती. प्राण्यांना ती ऐकू येत नव्हती. तरी वर्षभर ते कुणी बोलले नाही.

१९६६ सालच्या मे महिन्यात आमचा धाकटा भाऊ घरामागच्या बावखलात बुडाला. तो चार वर्षांचा होता, मी नऊ, थोरली बहीण बारा. त्याच्यावर लक्ष ठेवायला तिला सांगितले होते. ती जांभळे वेचीत होती. वडील केळीच्या बागेतून आले, त्यांनी त्याला वर काढले, आणि त्यानंतर या विषयावर आमच्या घरात एक शब्दही उच्चारला गेला नाही. दफनविधीनंतरच्या आठवड्यात वडिलांनी एकट्याने बावखलाभोवती भेंडीच्या खुंटांचे कुंपण घातले. मी खिडकीतून पाहत होतो. बहीण पाहत नव्हती, असे मला वाटले.

पुढे कितीतरी वर्षांनी, १९८७ च्या सुमारास, वडील आणि मी बावखलाच्या काठावर बसलो असताना ते अचानक म्हणाले, “हे कुंपण मी आधीच घालायला हवे होते. तुझी आई किती वेळा सांगत होती.” एवढेच. मी काहीच बोललो नाही. त्यांच्या मनात बहिणीविषयी काही नव्हते, हे मला त्या घटकेला कळले. आणि तिला काय वाटत आले आहे, हे मला आधीपासूनच ठाऊक होते. दोघांच्या मध्ये उभा असलेला मी एकटाच होतो. ना मी तिचे त्यांना सांगितले, ना त्यांचे तिला. सवड मिळेल तेव्हा सांगू, असे वाटले. १९९१ साली वडील गेले. बहिणीने त्यांची सेवा अखेरपर्यंत केली, आणि अखेरपर्यंत ती त्यांच्या डोळ्यांत पाहत नसे.

नातवासोबत चित्रपट पाहिल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला फोन केला. ती लग्नानंतर मुंबईतच असते. आता सत्तरी ओलांडली आहे. पाऊस, गुडघे, सुक्या मासळीचे भाव हे सगळे झाल्यावर मी तिला वडिलांचे ते वाक्य सांगितले. जसे होते तसे, एकही शब्द न वाढवता.

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. फोन तुटला असे वाटून मी ‘हॅलो’ म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, “एकतीस खुंट होते. मी मोजले होते.”

मग म्हणाली, “हे तू मला आज सांगतोस?”

मी म्हणालो, होय, आज.

“त्यांतला एखादा शिल्लक आहे का?”

मी सांगितले की, दोन भेंडी रुजल्या, त्यांची आता मोठी झाडे झाली आहेत. पिवळी फुले बावखलात पडतात.

“रविवारची मिस्सा झाली की येते,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.